निर्मात्याचा ना-हरकत दाखला

भूगोलाच्या सरांचा आठवा ड्रोन शाळेच्या पाण्याच्या टाकीत पडला. टाकीवर झाकण नव्हतं, यात सरांचा काय दोष? पण हा मुद्दा त्या दिवशी कोणी विचारातच घेतला नाही. जमलेल्या लोकांनी पाहिलं ते एवढंच, की तारांनी लगडलेलं, डावीकडे किंचित कललेलं एक यंत्र मोठ्या ऐटीत मैदानावरून वर चढलं, मुख्याध्यापिकांच्या खोलीवरून कोणी न सांगता एक फेरी मारून आलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग तहान लागल्यासारखं सरळ टाकीत शिरलं.

ही रंगीत तालीम होती. शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि आठशे मुलांना मैदानावर ‘५०’च्या आकारात उभं करून वरून फोटो काढायचा, ही कल्पना मुख्याध्यापिकांची. ‘फोटो मी काढतो की!’ हे वाक्य मात्र सरांचं. शिक्षकांच्या बैठकीत अशी वाक्यं बोलून जाणाऱ्या माणसांना खरं तर कोणीतरी शेजारी बसून वेळीच चिमटा काढायला हवा. पण सरांच्या शेजारी चित्रकलेचे शिक्षक बसले होते आणि ते झोपले होते.

मुख्याध्यापिका टाकीपाशी आल्या, आत डोकावल्या. आत दोन बुडबुडे आले. त्या अगदी मायेनं म्हणाल्या, “सर, हे दुकानात तयार मिळतात ना हल्ली?”

रागावल्या असत्या तर चाललं असतं. सर रागाला सरावलेले होते. वर्गात नकाशा उलटा लावणाऱ्या मुलांशी त्यांचा रोजचा संबंध होता. पण त्या आवाजातली ती माया! आठ-आठ ड्रोन स्वतःच्या हातानं जोडलेल्या माणसाला ‘तयार मिळतात ना’ असं विचारणं म्हणजे आचाऱ्याला ‘बाहेरून डबा मागवायचा का?’ असं विचारण्यासारखं आहे. सर फक्त “बघतो” म्हणाले आणि बाही वर करून टाकीत हात घातला.

आता सांगायला हवं की हे आठ ड्रोन सरांनी एकट्यानं केलेले नव्हते. त्यात निम्मा, खरं म्हणजे निम्म्याहून थोडा जास्तच वाटा त्यांच्या सासऱ्यांचा होता. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारेला डाख द्यावा तो अण्णांनी. लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं या जावई-सासऱ्यांचं बोलणं “काय, कसं काय?” आणि “बरं आहे” या दोन वाक्यांत आटोपत असे. मग सरांनी एक सुटा मोटर-संच आणला, तो जळला, आणि जळल्याच्या वासावर अण्णा वरच्या मजल्यावरून खाली आले. ते आले ते सहा वर्षं रोज येतच राहिले. सरांच्या जेवणाच्या टेबलावर तेव्हापासून कोणी जेवलेलं नाही. पहिला ड्रोन गच्चीच्या कठड्यावर आपटला. दुसरा क्षितिजाकडे गेला तो गेलाच. तो अजून उडतोय, असं अण्णांचं ठाम मत आहे. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची हकिकत सरांच्या पत्नीला तोंडपाठ आहे, आणि ती कोणी न विचारताही सांगते.

टाकीतून काढलेला आठवा घरी आला तेव्हा अण्णांनी त्याला टॉवेलात गुंडाळून घेतलं. “काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “वाळवू. सगळं सुटं करू, वाळवू, परत जोडू. किती दिवस आहेत?”

“चौदा.”

“भरपूर!”

सरांनी कॅलेंडरकडे पाहिलं. कारण ‘भरपूर’ हा शब्द अण्णांनी सातव्याच्या वेळीही वापरला होता, आणि तो तयार व्हायला पाच महिने लागले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर नेहमीच्या रस्त्यानं घरी न येता लांबच्या बाजारातून आले. जवळच्या दुकानदाराला अण्णा ओळखत होते. दुकानातला विक्रेता फार सज्जन होता. त्यानं ड्रोन खोक्यातून काढला, पंख उलगडले, बटण दाबलं आणि ड्रोन हवेत जाऊन निमूट उभा राहिला. हलला नाही, कलला नाही, वास आला नाही. सर थक्क झाले. सहा वर्षांत ज्याच्यासाठी त्यांनी रक्ताचं पाणी केलं ते विक्रेत्यानं एका अंगठ्यानं केलं होतं, आणि तेही दुसऱ्या हातानं चहा पीत.

खोकं पिशवीत घालून सर इमारतीचा जिना चढत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कळलं की चोरी करणारी माणसं जिन्यात एवढी का दमतात. पहिल्या मजल्यावर विमावाले भेटले. हे गृहस्थ विमा विकतात आणि सल्ले फुकट देतात. दोन्ही नाकारणं सारखंच अवघड.

“तयार घेतलात!” पिशवीतून डोकावणारा खोक्याचा कोपरा बघून ते ओरडले. “शेवटी शहाणे झालात म्हणायचं.”

“हळू बोला.”

“का? अण्णांना माहीत नाही?” विमावाल्यांचे डोळे चमकले. “मग माझं ऐका. अजिबात सांगू नका. नाहीतर असं करा, आत्ताच्या आत्ता सांगून टाका. आणि काहीही झालं तरी याचा विमा काढा. अण्णांचाही काढून ठेवा.”

दुसऱ्या मजल्यावर समोरच्या काकू दारातच उभ्या होत्या. त्या दारात नाहीत असा प्रसंग इमारतीच्या इतिहासात नोंदलेला नाही. त्यांनी खोक्यावरचं चित्र नीट निरखलं.

“यात कॅमेरा आहे?”

“आहे.”

“म्हणजे आधीच्यांत नव्हता?”

“होता की, काकू. सगळ्यांत होता.”

काकूंचा चेहरा पडला. “सहा वर्षं मी या खिडकीचे पडदे लावून बसले,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही एक फोटो काढला नाहीत माझ्या कुंड्यांचा! काढला असलात तर दाखवला नाहीत!” आणि त्यांनी दार लावून घेतलं. काकूंनी दार लावून घेण्याचा तो पहिलाच प्रसंग.

घरी सरांनी खोकं पांघरुणांच्या कपाटात, सगळ्यात जाड रजईमागे सरकवलं. पत्नी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. समोरच्याला फारसं कळू न देता हवं ते काढून घ्यायची तिला रोजची सवय आहे.

“अण्णांना काय सांगणार आहात?”

“सांगेन ना.”

“कधी?”

“योग्य वेळी.”

“अहो, ते वर हेअर ड्रायर घेऊन बसलेत. एक एक स्क्रू वाळवतायत. माझा हेअर ड्रायर आहे तो.”

सर वर गेले. पुढचे चार दिवस ते रोज संध्याकाळी अण्णांच्या शेजारी बसून आठव्याचे स्क्रू पुसत राहिले, आणि रजईमागच्या त्या खोक्याची आठवण झाली की त्यांच्या हातून स्क्रू खाली पडत राहिला. “लक्ष कुठाय तुमचं, जावईबापू?” अण्णा विचारायचे. सर म्हणायचे, “परीक्षेचे पेपर आलेत.” परीक्षा दोन महिन्यांवर होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण शाळेपासून जवळच एक छोटी धावपट्टी आहे, हौशी लोक तिथे विमान शिकतात. त्यामुळे शाळेच्या आवारात ड्रोन उडवायचा तर परवानगी लागते. ती सरांनी आधीच काढली होती: ठरलेला दिवस, सकाळी दहा ते साडेदहा. फक्त ती आठव्याच्या नावानं होती. ‘ड्रोन बदलला आहे’ असा साधा अर्ज द्यायचा, पाच मिनिटांचं काम, अशा समजुतीनं सर अर्धी रजा टाकून कार्यालयात गेले. सरकारी कार्यालयात पाच मिनिटांचं काम असतं असं मानणारा माणूस भूगोल शिकवतो, हे त्या मुलांचं दुर्दैव.

चौथ्या खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, उलटा केला, पाठीमागचा कोरा भागही वाचला.

“जुन्या ड्रोनचं काय झालं?”

“बुडाला.”

“बुडाल्याचा दाखला?”

“तो कोण देतं?”

“ते आम्हाला काय माहीत? बुडवला तुम्ही.” त्यानं जुनी फाइल काढली. “बरं, दाखला राहू द्या. जुन्या निर्मात्याचं ना-हरकत पत्र आणा. आमच्या यंत्राच्या जागी दुसरं यंत्र वापरायला हरकत नाही, आणि या नमुन्याचं उत्पादन बंद केलं आहे, असं लेखी. सही-शिक्क्यासह.”

“निर्माता म्हणजे... ते माझे सासरे आहेत.”

कारकुनानं फाइलमध्ये पाहिलं. निर्मात्याच्या रकान्यात अण्णांचं नाव होतं. सरांनीच कौतुकानं घातलेलं. अण्णांनी त्यासाठी खास गोल शिक्का करून घेतला होता.

“कंपनी कोणाची का असेना,” कारकून म्हणाला, “नियम सगळ्या कंपन्यांना सारखा.”

“नवीनच परवानगी काढली तर?”

“काढा की. तीस दिवस लागतात.”

फोटोला नऊ दिवस होते.

जिन्यात विमावाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “अहो, सही काय, आपणच ठोकून द्यायची!” सरांना हे ऐकून धक्का बसला. पालकांच्या खोट्या सह्या करणाऱ्या किती पोरांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं! अशा माणसानं स्वतः... छे! तरी केवळ कुतूहल म्हणून त्यांनी रफ वहीच्या शेवटच्या पानावर अण्णांची सही एकदा करून पाहिली. ती सातवी ‘ब’मधल्या कुठल्याही मुलापेक्षा वाईट आली. सरांनी पान फाडलं, आणि मग दुसरा मार्गच उरला नाही म्हणून सरळ मार्गानं वर गेले.

अण्णा टेबलावर वाकले होते. “या! एक मोटर जिवंत आहे,” त्यांनी आनंदानं सांगितलं. “फिरत नाही, पण गरम होते.”

सरांनी कागद पुढे सरकवला. अण्णांनी चष्मा बदलला. पहिल्या ओळीपासून वाचत वाचत ते शेवटच्या ओळीपाशी आले आणि तिथेच थांबले.

“‘उत्पादन बंद केले आहे,’” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “कोणी बंद केलं?”

“अण्णा, ते फक्त कागदावर...”

“मी तर अजून आहे.”

 शेजारी हेअर ड्रायर घोंगावत होता. अण्णांनी तो बंद केला.

“आणून किती दिवस झाले?”

“पाच.”

“पांघरुणांच्या कपाटात आहे ना?”

सर चमकले. “तुम्हाला माहीत होतं?”

“काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कुंड्यांची तक्रार घेऊन आल्या होत्या.” अण्णा चष्मा पुसू लागले. तो स्वच्छच होता. “म्हटलं, तुम्ही सांगाल. रोज शेजारी बसता, आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही आपले स्क्रू पाडत बसलात.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“तयार आणल्याचं काही नाही हो. मीही आणला असता. आठवा काही उडणार नव्हता, हे मला टॉवेलात घेतलं तेव्हाच कळलं होतं.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “पण मग संध्याकाळी करायचं काय, हे कोणी सांगत नव्हतं. म्हणून वाळवत होतो.”

सतरा वर्षांत अण्णा एवढं लांब आणि एवढं खरं कधी बोललेले नव्हते. सरांना काहीतरी म्हणायचं होतं. पण तेवढ्यात अण्णांनी पेन उचललं, ‘बंद केले आहे’वर रेघ मारली, वर बारीक अक्षरात लिहिलं ‘तात्पुरते स्थगित आहे’, सही केली आणि गोल शिक्का असा दणकन मारला की जिवंत मोटर टेबलावरून खाली पडून वारली.

अर्थातच कार्यालयात घोडं अडलं. ‘स्थगित’ असा रकानाच नव्हता. बंद म्हणजे बंद, चालू म्हणजे चालू. खाडाखोड केलेल्या कागदावर निर्मात्यानं समक्ष येऊन खुलासा करावा, असं चौथ्या खिडकीचं म्हणणं पडलं. म्हणून दुसऱ्या दिवशी निर्माता समक्ष आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात शिक्का.

“तुमच्या कंपनीत माणसं किती?” कारकुनानं विचारलं.

“दोन,” अण्णा म्हणाले. “त्यातला एक फितूर.”

कारकुनानं सरांकडे पाहिलं. सर खिडकीवरची सूचना वाचू लागले.

“मग उत्पादन पुन्हा कधी सुरू होणार?”

“ते फितुराला विचारा.”

कारकून पहिल्यांदाच हसला. बहुधा त्यालाही जावई असावेत. त्यानं कागद ओढला, ‘निर्मात्याने समक्ष खुलासा केला, तो समाधानकारक आहे’ असा शेरा मारला, आणि परवानगीवर नव्या ड्रोनचं नाव चढलं.

ठरलेल्या दिवशी पावणेदहा वाजता आठशे मुलं मैदानावर ‘५०’ होऊन उभी होती. कडेच्या झाडाखाली खुर्ची टाकून अण्णांना बसवलं होतं. “इथून हलायचं नाही” असं त्यांच्या लेकीनं कामावर जाताना दोनदा बजावलं होतं. सरांनी तयार ड्रोन काढला, पंख उलगडले, विक्रेत्यासारखं एका अंगठ्यानं बटण दाबलं. ड्रोन बोलला.

म्हणजे सरांच्या हातातल्या फोनमधून एक बाई बोलल्या, फार अदबीनं. “होकायंत्र जुळवून घ्या. ड्रोन हातात धरून स्वतःभोवती फिरा.” सर फिरले. “पुन्हा फिरा.” सर पुन्हा फिरले. आठशे मुलांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. आधी पाच फिरला, मग शून्य फिरलं, आणि दोघांचं मिळून मैदानावर काहीतरी असं तयार झालं की गणिताच्या बाईंनी डोळ्यांवर हात घेतला. मुलांना परत जागेवर लावेपर्यंत दहा वाजून आठ मिनिटं झाली. तेवढ्यात फोनमधल्या बाई म्हणाल्या, “नवी सुधारणा उपलब्ध आहे. ती पूर्ण होईपर्यंत उड्डाण शक्य नाही.”

घरच्या आठांनी शंभर गुन्हे केले असतील. पण उडण्यापूर्वी असा अभ्यास कोणी मागितला नव्हता. मुख्याध्यापिका जवळ आल्या. “सर, तयार आहे ना हा?” त्यांनी त्याच मायेनं विचारलं. सर म्हणाले, “हा तयार आहे. त्याची तयारी व्हायची आहे.”

दहा वाजून एकोणीस मिनिटांनी सुधारणा संपली आणि ड्रोन उठला. काय सांगावं! दोरीनं ओढल्यासारखा सरळ वर गेला आणि आभाळाला खिळा मारल्यासारखा थांबला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं: पाच सुबक, शून्य गोल, रेघ न् रेघ स्पष्ट. ते एकामागून एक फोटो काढत सुटले.  तेविसाव्या फोटोला त्यांना जाणवलं की शून्याच्या मधोमध काहीतरी आहे. त्यांनी पडदा जवळ घेतला.

शून्याच्या मधोमध अण्णा उभे होते. मान वर, तोंड उघडं, दोन्ही हात पसरलेले.

“अण्णा! बाहेर या!” सर ओरडले. ते आठशे मुलांना ऐकू गेलं, अण्णांना नाही. साडेदहाला फोनमधल्या बाईंनी अदबीनं सांगितलं की परवानगीची वेळ संपली आहे, आणि ड्रोन जिथून उठला होता त्याच जागेवर, बोटभरही न चुकता, येऊन बसला.

“शून्यात काय करत होतात तुम्ही?” सरांनी धापा टाकत विचारलं.

“खाली मुलं होती, जावईबापू,” अण्णा म्हणाले. त्यांचे हात अजून पुरते खाली आले नव्हते. “पडला असता म्हणजे?”

सर बोलणार होते की हा पडत नाही, तयार आहे. पण सहा वर्षांचा अनुभव अण्णांच्या बाजूनं होता.

तेवीसच्या तेवीस फोटोंत अण्णा होते. मुख्याध्यापिकांनी ते पुसून टाकायला सांगितलं. चित्रकलेचे शिक्षक त्यासाठी जागे झाले, दोन दिवस खपले, आणि अण्णा गेले. पण मैदानावर त्यांची सावली राहिली, हात पसरलेली. ती अण्णांपेक्षाही भयंकर दिसत होती. शेवटी अण्णांना परत आणावं लागलं, आणि फोटो दाराएवढा करून व्हरांड्यात लागला.

समारंभाच्या दिवशी प्रमुख पाहुणे त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. “मधले हे संस्थापक का?” त्यांनी हळूच विचारलं. “केवढे भारावून गेलेत!”

मुख्याध्यापिकांनी क्षणभर सरांकडे पाहिलं, क्षणभर अण्णांकडे. “हो,” त्या म्हणाल्या. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सहा मिनिटं संस्थापकांनाच दिली. अण्णांनी ती दुसऱ्या रांगेत बसून शांतपणे ऐकून घेतली. एकदोन ठिकाणी मान डोलावली.

गर्दी ओसरल्यावर ते चष्मा बदलून फोटोच्या अगदी जवळ गेले.

“जावईबापू, ही माझ्या उजवीकडच्या पडलेल्या दाढेची जागा दिसतेय.”

“कॅमेरा फार स्पष्ट आहे, अण्णा.”

“स्पष्ट कसला, आगाऊ आहे. आपला असता तर असा कोणाच्या तोंडात डोकावला नसता.”

“आपला असता तर तुमच्या तोंडात पडला असता.”

अण्णांनी चष्मा पुन्हा बदलला.

“पडू दे की,” ते म्हणाले. “मी उभा होतोच ना.”